कापलेल्या पिसांचा टोप

कात्री संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्याच हातात दिली.

"काप रे मास्तर. इतलं काय घाबरी ऱ्हायना? तुमना डोंगरमा मोरच मोर शेतस."

शहाद्याजवळच्या एका कॉलेजची स्टाफरूम. बाहेर मांडव, आदिवासी संस्कृतीचा कार्यक्रम. पाहुणे येऊन बसलेले आणि पुष्पगुच्छांची गाडी वाटेत बंद पडलेली. टेबलावर माझ्या बापाचा टोप. बांबूच्या कामट्यांचं गोल कडं, त्यावर उभी बांधलेली मोरपिसं, हातभर उंच. फुलं नाहीत तर पाहुण्यांना एकेक पीस देऊ, असं अध्यक्षांच्या डोक्यात आलं. सगळ्यांना ते फार आवडलं.

मी कापलं. कोणी माझा हात धरला नव्हता. पहिल्या पिसाला करकर आवाज झाला तेव्हा मी कात्री मागे घेतली. दुसऱ्याला घेतली नाही. निर्लज्ज व्हायला माणसाला एक पीस पुरतं. एका मॅडमनी प्रत्येक पिसाला लाल रिबीन बांधली.

हा टोप काय असतो ते सांगतो. आमच्याकडे, धडगावच्या वर, नवस केलेला माणूस होळीला बावा होतो. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी नि घुंगरू, डोक्यावर हा टोप. पाच दिवस तो खाटेवर बसत नाही, पायात वहाणा घालत नाही, बाईचा स्पर्श होऊ देत नाही, आपलं अन्न आपण रांधतो. याला पाळणी म्हणतात. ती न पाळणाऱ्याच्या डोक्यावर टोप जात नाही. मोर मारून पिसं आणायची नाहीत, रानात गळालेली तेवढीच वेचायची. बापानं ती कित्येक वर्षं वेचली होती. एरवी टोप जुन्या धोतरात गुंडाळून आढ्याला टांगलेला असायचा.

आणि नवस कशासाठी होता? पोरगा कॉलेजात मास्तर होऊ दे. पाच होळ्या नाचीन. मी मास्तर झालो. तासिकेवर का होईना. दर जूनला ऑर्डर नवी, तिच्यावर सही अध्यक्षांची. बापाच्या चार होळ्या झाल्या होत्या, एक राहिली होती.

अध्यक्षांनी टोप मागितला तेव्हा जून जवळ आला होता. बाप नाही म्हणाला. मी हट्ट धरला. नुसता टेबलावर ठेवतील, कोणी हात लावणार नाही, असं सांगितलं. मलाही अध्यक्षांनी तसंच सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर मी ते तपासलंही नाही. मला ऑर्डर दिसत होती. शेवटी बापानं टोप काढला. आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "कोणाच्या डोक्यावर जाऊ देऊ नको." मी तो गोणीत घालून बसनं आणला.

पाहुण्यांना पिसं वाटून झाली. एकानं पिसानं कान कोरला. मग अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आता आमचे सर त्यांचं पारंपरिक नृत्य दाखवतील." आणि तो खुंटं झालेला टोप त्यांनी आपल्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, पायात बूट. कोणीतरी ताटली वाजवायला लागलं.

मी नाचलो. हे लिहिताना आजही तोंडात कडू येतं. नाचलो. पाहुणे मोबाईल धरून हसत होते. शेवटच्या रांगेत माझ्या वर्गातली, डोंगरातली पोरं-पोरी बसली होती. त्यातली एकही टाळी वाजवत नव्हती. एक पोरगी उठली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि मांडवाबाहेर गेली. परवाच मी तिला वर्गात स्वाभिमानावर निबंध लिहायला सांगितला होता.

घरी बापानं गोणी उघडली. एकेका खुंटावरून बोट फिरवलं. ओरडला असता, मारलं असतं, तर बरं झालं असतं. गावच्या पुजाऱ्यानं सांगितलं, नवस तुटला, आता पहिल्यापासून पाच होळ्या. चार होळ्या नाचून बापाच्या टाचा फुटल्या होत्या. त्या सगळ्या वाया गेल्या. गावातले लोक आपापली पिसं द्यायला निघाले. बापानं एकही घेतलं नाही.

"टोप असाच राहील," तो म्हणाला. "ज्यानं कापला तो घालेल. पाचही होळ्या."

जूनला ऑर्डर मिळाली. पुढच्या होळीला मी बावा झालो. जमिनीवर झोपलो, हातानं भाकर थापली, अनवाणी गावोगाव फिरलो. भोवती सगळ्यांचे टोप मोरासारखे फुललेले आणि माझ्या डोक्यावर खुंटं. जिथं जाईन तिथं विचारायचे, पिसं कोणी कापली? मी सांगायचो, मी. बाया तोंड फिरवायच्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुला कोणी सांगितलं कापायला?" मी पुढच्या घराकडे वळलो. जून आठवला.

बाप मागेच होता. म्हणाला, "अर्धंच सांगितलंस."

बस, एवढंच. पण पाच दिवसांत पायात रुतलेला एकही काटा तसा लागला नाही. ज्यांनी माझ्या बापाचा नवस कान कोरायला वाटला, त्यांची अब्रू मी माझ्या लोकांत झाकत होतो.

कॉलेजात परत गेलो तेव्हा हातावरचे ठिपके पुरते गेले नव्हते. अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अवंदा कॉलेज तपासाले समिती येणार शे. मोठा टोप लई ये. पिसं भरपूर पाहिजेत."

"नाही आणणार."

"तुन्ही ऑर्डरवर सही मन्हीच ऱ्हास. ध्यानमा ठेव."

"ध्यानात आहे. तुम्ही कात्री दिलीत, तेही ध्यानात आहे."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी आधीच उठलो होतो. तिथून वर्गात गेलो आणि कात्रीपासून नाचापर्यंत काय झालं ते सगळं पोरांना सांगितलं. माझं काही सोडलं नाही, अध्यक्षांचंही नाही. ती पोरगी पहिल्या बाकावर होती. ती हसली नाही, मान हलवली नाही. तिनं मला माफ केलेलं नाही आणि मी ते मागणारही नाही.

राजीनामा मी देणार नाही. ही नोकरी बापाच्या टाचांची आहे, ती त्यांना फुकट का देऊ? ऑर्डर अडवली तर का अडवली ते लेखी मागीन. नाही दिलं तर त्यांच्याच फाटकासमोर बसेन, तो टोप पुढ्यात ठेवून.

माझ्या चार होळ्या बाकी आहेत. टोप तोच, खुंटं तीच. गावोगाव विचारतील, पिसं कोणी कापली. मी कापली, असं सांगीन. आणि कात्री कोणी दिली, तेही नावानिशी सांगीन.