करमरकर साहेबांच्या पतंगाचं माप

करमरकर साहेब बांधाच्या पलीकडे पडले होते. गाडी उलटी, तिन्ही चाकं आभाळाकडे, आणि पतंग करवंदीच्या जाळीत अडकलेला. आमच्या कारखान्याचा टेंपो ड्रायव्हर गणपत ओरडत पळाला, "सायब उडालं! आवो ताई, सायब उडालं!" मी त्याच्या मागे. जाऊन बघते तर साहेब पाठीवर आडवे, धुळीने माखलेले, आणि चक्क हसतायत.

"कमल," ते म्हणाले, "पतंग मोठा झाला."

"माप तुमचंच होतं साहेब," मी म्हटलं. मला राग आला होता. घाबरले की मला आधी रागच येतो.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात मी कटिंग सेक्शनची इनचार्ज होते. आम्ही तंबू, ट्रकवरची ताडपत्री आणि विमानातून माल खाली सोडायची पॅराशूट बनवायचो. मी मॅट्रिक होऊन हेल्पर म्हणून लागले तेव्हा करमरकर साहेब डिझाइनचे हेड होते. पॅटर्न कसा काढायचा, म्हणजे कापड कापण्याआधी कागदावर त्याचा आकार कसा बसवायचा, हे त्यांनी मला शिकवलं. आमच्या बौद्धवाडीतली कटिंग टेबलाशी उभी राहिलेली पहिली बाई मी. त्यावरून सेक्शनमध्ये कुजबूज झाली, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जिची कात्री सरळ चालते तिचं टेबल." मी ते विसरलेले नाही.

पोटात अल्सर झाला म्हणून साहेबांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते वहिनींना घेऊन कशेळ्याला राहायला गेले. घरी बसून माणूस काय करणार? कुणीतरी परदेशी मासिक आणून दिलं. त्यात एक फोटो होता. मोठा पतंग, आणि तो ओढतोय एका तीन चाकी गाडीला. झालं! साहेबांनी स्कूटरची जुनी चाकं आणि पाइप जमवून वेल्डरकडून गाडी बांधून घेतली. पतंग मात्र माझ्या गळ्यात पडला.

हा आपला संक्रांतीचा पतंग नव्हे बरं का. ह्याला काड्या नसतात. नायलॉनच्या दोन थरांमध्ये उभ्या पडद्या शिवतात, त्यांचे कप्पे होतात, आणि कप्प्यांत हवा भरली की पतंग गादीसारखा फुगतो. दोन्ही हातांत दोऱ्या धरून बसणारा त्याला डावी-उजवीकडे वळवतो.

आमचे मॅनेजर नायर साहेब. त्यांच्याकडे रिजेक्ट कापड मागायला गेले.

"कमलबाई, कापड रिजेक्ट है, मान्य. मशीन रिजेक्ट नाही ना?"

"शिफ्ट संपल्यावर शिवीन."

"आणि करमरकर उडून गेला तर?"

"तर पॅराशूट आपलंच आहे, साहेब."

नायर साहेब हसले आणि त्यांनी सही केली. गंमत म्हणून बोलून गेले होते मी.

आता मापाचं सांगते. पतंगाचं माप तीन गोष्टींवर ठरतं. पहिली वारा. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून जोराच्या वाऱ्याला लहान पतंग आणि मंद वाऱ्याला मोठा. लोकांना नेमकं उलटं वाटतं. दुसरी गोष्ट कापड किती चौरस मीटर. तिसरी, बसणाऱ्याचं वजन. पतंग गाडीला नुसता पुढे ओढत नाही, बाजूलाही ओढतो. माणूस वजनदार असेल तर चाकं जमीन धरून राहतात. हलका असेल तर चाकं घसरतात, आणि माणूस पतंगामागे फरफटत जातो, उधळलेल्या बैलाच्या दाव्याला लटकलेल्या पोरासारखा.

वाऱ्याबरोबर वाहवत जायला अक्कल लागत नाही. वारा आडवा घेऊन जायचं, वळायचं आणि निघालो तिथेच परत यायचं, ही खरी कसोटी. साहेबांनी मनात एवढंच धरलं होतं. कळंबच्या गुरचरण माळावर वहिनी स्टूल टाकून बसणार. त्यांच्यापासून निघायचं, माळाच्या टोकाला वळायचं आणि त्यांच्यापाशी येऊन थांबायचं.

"वजन?" मी विचारलं होतं.

"बहात्तर. वीस वर्षं बहात्तरच. लग्नातला कोट सोडला तर सगळे कपडे बसतात अजून." हे सांगताना साहेबांना अभिमान वाटत होता.

मी हिशेब करून पाच चौरस मीटरचा पतंग शिवला. त्याने त्यांना बांधापलीकडे फेकलं.

त्या दिवशी वारा जास्त नव्हता. चेंडू अर्धे कापून, त्यांच्या वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या करून साहेबांनी वारा मोजायचं एक यंत्र केलं होतं, ते हिशेबाएवढाच वारा दाखवत होतं. पतंग मी दोनदा टेबलावर पसरून मोजला. तो बरोबर पाच होता. मग राहिलं काय?

पडताना साहेबांचा शर्ट बगलेखाली कुशीत फाटला होता. "द्या इकडे, शिवून आणते," म्हणून मी तो घरी आणला होता. फाटलेली शिवण नीट करायला उलटा केला आणि हात थांबला. मशीनची सुई कापडात बारीक भोकं पाडते. शिवण उसवली तरी ती भोकं राहतात. ह्या शर्टाच्या कुशीत शिवणीबाहेर भोकांच्या तीन रांगा होत्या, एकीच्या आत एक. म्हणजे शर्ट एकदा नाही, तीनदा आत घेऊन लहान केला होता.

रविवारी शर्ट घेऊन कशेळ्याला गेले. साहेब बाजाराकडे गेले होते. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, साहेबांचे कपडे तुम्ही आत घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"सांगू नकोस गं. तुझ्या पाया पडते."

मग सगळं बाहेर आलं. अल्सर नव्हताच, कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी साहेबांच्या मुलाला आणि वहिनींना वेगळं बोलावून सांगितलं होतं, पेशंटला कळू देऊ नका, धीर सोडतील. तेव्हा असंच करायचे. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, ज्याचं दुखणं त्यालाच नाही. साहेब दुपारी झोपले की वहिनी मशीन काढायच्या. थोडा शर्ट, थोडी पँट. कपडे अंगाला बसले की माणसाला आपण वाळतोय हे कळत नाही, असा त्यांचा हिशेब. दवाखान्यात काट्यावर उभं करायच्या आधी त्या साहेबांचा चष्मा पुसायला म्हणून मागून घेत.

"आता वजन किती आहे?"

"छप्पन."

छप्पन किलोच्या माणसाला मी पाच मीटरच्या पतंगाला बांधलं होतं.

"अहो वहिनी," मी जवळजवळ ओरडलेच, "त्यांना हे खेळणं बंद करायला सांगा! जीव जाईल त्यांचा!"

"तो तर जाणारच आहे गं," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मीही रडले. तांदूळ तसेच पडून राहिले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात त्या पतंगाएवढं कशाने हसले नाहीत ते. बंद नको करूस. लहान कर. विचारलं तर म्हण, वारा वाढलाय."

पतंग लहान करणं म्हणजे शर्ट आत घेणं नव्हे. प्रत्येक पडदी नव्याने काढावी लागते, सगळं पुन्हा कापावं लागतं. मी साडेतीन मीटरचा शिवला. एकेक पडदी आखूड करताना मला सारखी तीच भोकं दिसत होती.

"साडेतीन?" साहेबांनी पतंग हातात घेऊन उलटासुलटा केला. "एवढा लहान का गं?"

"मार्च लागला साहेब. वारा वाढतो."

त्यांनी पतंगाच्या कडेवर वीत टाकून बघितली. मग म्हणाले, "बरं."

त्या दुपारी माळावर वहिनी स्टुलावर बसल्या, डोक्यावर पदर. साहेब गाडीत बसले. त्यांनी वाट्यांचं यंत्र वर धरलं, बराच वेळ बघितलं आणि खिशात घातलं. गणपतने पतंग धरून सोडला. पतंग फुगला, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि गाडी निघाली. अशी सुरेख निघाली म्हणून सांगू! चाकं कुठे घसरली नाहीत. माळाच्या टोकाला गाडी छोटी झाली. गणपत श्वास रोखून म्हणाला, "आता वळंल का वो?" पतंगाने डोकं फिरवलं, गाडी वळली, आणि धूळ उडवत सरळ आमच्याकडे आली. वहिनींच्या स्टुलाच्या पुढ्यात थांबली.

"आलो बघ," साहेब म्हणाले.

वहिनींनी पदराने त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली. गणपत उड्या मारत होता. "एक लंबर, सायब! एक लंबर!"

वहिनी थर्मासमधला चहा ओतायला टेंपोकडे गेल्या. मी दोऱ्या गुंडाळत होते. साहेब गाडीतच बसून होते.

"कमल, वारा तेवढाच होता."

मी गुंडाळत राहिले.

"वारा तोच. पाचने फेकलं, साडेतीनने नीट नेलं. तीन गोष्टी असतात, मीच शिकवलं तुला. मग तिसरी कुठली बदलली, एवढं गणित मला येतं."

"साहेब..."

"ऐक. दोन महिने झाले, शर्टाचा खिसा बगलेकडे सरकतोय. पेन काढायला हात वाकडा करावा लागतो. शर्ट दोन्ही कुशीत आत घेतला की खिसा कुठे जाणार? मला वाटलं, हिला शिवणकामाचा नाद लागलाय." ते हसले, पण डोळे भरले होते. "मनाची समजूत घालत होतो झालं. आज तुझ्या पतंगाने सांगितलं."

टेंपोकडून कपांचा आवाज येत होता.

"पुढचा अडीचचा कर. एप्रिलमध्ये वारा आणखी वाढणार आहे." त्यांनी टेंपोकडे पाहिलं. "हिच्यासमोर वाऱ्याचंच बोलायचं. समजलं? ती एवढी मेहनत करतेय, ती फुकट नको जायला."

वहिनी कप घेऊन आल्या. साहेब मोठ्याने म्हणाले, "मालती, कमल म्हणते ते खरं. वारा भलताच वाढलाय."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "मग जपून हो."

मी अडीचचा शिवला. एप्रिलमध्ये साहेब त्यावर एकदाच बसले. निम्म्या माळापर्यंत गेले, वळायला गेले आणि हात खाली आले. पतंग जमिनीवर पडला. गणपत गाडी ढकलत त्यांना परत घेऊन आला. "आज वारा पडला," साहेब म्हणाले. यंत्राच्या वाट्या त्यांच्या मांडीवर गरगर फिरत होत्या. गणपत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, वारा तर हाय की." मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत साहेब गेले. मी विहारात त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली. त्यांच्या धर्मात काय करतात ते त्यांच्या मुलाने केलं.

काही महिन्यांनी वहिनी कारखान्याच्या गेटवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत तोच कुशीत फाटलेला शर्ट.

"कमल, ह्याच्या सगळ्या शिवणी उसवून दे. होता तसा कर. मला ते बहात्तर किलोचे हवेत घरात."

मी तिथेच टेबलावर उसवला, पहिल्या मापावर शिवला आणि इस्त्री केली. भोकं जात नाहीत, ती राहिली. वहिनींनी त्यांवरून बोट फिरवलं.

"त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, नाही का गं? तेवढं एक तरी मला जमलं."

"नाही कळलं वहिनी," मी म्हटलं. "शेवटपर्यंत वारा वाढलाय असंच म्हणत होते."

वहिनींनी शर्टाची घडी घातली, खिसा वर येईल अशी, आणि कर्जतच्या एसटीला गेल्या.

पुढे रिटायर होईपर्यंत मी कटिंगला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला एक गोष्ट सांगत आले. वारा यंत्रावर बघा, कापड टेबलावर मोजा, पण वजन माणसाला विचारू नका. त्याच्या शर्टाची शिवण बघा, आणि काय दिसलं ते बोलू नका.