नुसती नळी हलवायची

माझी आई सकाळचा हिंदी पेपर मोठ्यानं वाचते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते आणि बाहेरच्या खोलीतून तिची हाक आली, "अवो, ये ना इकडे. तुही मैत्रीण आली पेपरात. फोटोसकट."

मी गेले नाही. बातमी मला आधीच ठाऊक होती. माझ्या मैत्रिणीनं एकेक पेशी वेगळी करून तपासायचं किट बनवलं होतं आणि आता ते देशभरच्या प्रयोगशाळांत जाणार होतं. वार्ताहरानं वर लिहिलं होतं, 'रायपुर की बेटी'.

"मी बी रायपूरचीच पोट्टी आहे," मी आतूनच म्हटलं.

"आहेस ना वो. पण तुहा फोटो कुठी आला?"

आईला टोमणा मारायचा नव्हता. ती सरळच विचारत होती. म्हणून जास्त लागलं.

आम्ही दोघी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. वर्गात मराठी घरातल्या आम्ही दोघीच. तिचं घर ब्राह्मणपाऱ्यात, भोसल्यांच्या राज्यापासून इथंच असलेलं. आमचं रेल्वे कॉलनीत. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले, आणि बाबा वॅगनच्या कारखान्यात फिटर झाले. मी तिच्या घरी गेले की तिची आई चहा द्यायची, आणि माझा कप इतरांपेक्षा वेगळा आहे का हे मी दरवेळी बघायचे. वेगळा नसायचा. तरी मी बघायचे.

ती वाक्य मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. अभ्यासात माझ्या मागं असायची. त्याचं तिला काही वाटत नसे. मला मात्र वाटायचं, आणि चांगलं वाटायचं.

पीएचडीला आम्ही बंगळुरूत एकाच प्रयोगशाळेत गेलो. तिथं आम्ही काय करायचो ते आईला मी असं सांगितलं होतं: रक्त तपासताना साधारणपणे सगळ्या पेशी एकत्र करतात, आणि येतं ते सगळ्यांचं मिळून एक उत्तर. पण एकाच माणसाच्या रक्तात काही पेशी औषधाचं ऐकतात, काही ऐकत नाहीत. कोण ऐकतं आणि कोण नाही हे कळायचं असेल तर प्रत्येक पेशीला वेगळं पकडावं लागतं. आम्ही तिला तेलातल्या एका बारीक थेंबात कोंडायचो आणि थेंबाला त्याची स्वतःची खूण द्यायचो. पुढं सगळं मिसळलं तरी काय कुठल्या पेशीतून आलं ते त्या खुणेवरून सापडायचं.

हे थेंब पाडायला चिप लागायची. पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, आणि त्यात केसाहून बारीक वाटा. ती चिप हातानं बनवावी लागे. धुळीचा कण गेला की संपलं. माझा हात या कामात बसला होता. बाबांचा हात माझ्यात उतरला असं आई म्हणते. माझ्या चिपमधून थेंब सारख्या मापाचे, एकामागून एक यायचे. तिची चिप गळायची. कडा नीट चिकटायच्या नाहीत, तेल टेबलावर यायचं. आमचे सर तिला म्हणायचे, "इससे सीखो." ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायची आणि मी शिकवायचे. तिला ते कधीच जमलं नाही. शेवटी माझ्याच चिप मागून नेऊन ती काम भागवायची. ते दिवस माझे फार सुखाचे होते, आणि तिची गळणारी चिप हे त्या सुखाचं एक मोठं कारण होतं.

पुढं मी रायपूरला परत आले. छत्तीसगढमध्ये सिकलसेलचे रुग्ण गावोगावी आहेत आणि त्या आजारावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मला जागा मिळाली. ती बंगळुरूतच राहिली. मग एक दिवस तिचा शोधनिबंध आला.

ऑफिसच्या दाराला कडी लावून मी तो वाचला. मी त्यात स्वतःला शोधत होते. माझ्या चिपचा एखादा वळसा, माझी एखादी युक्ती, काहीतरी तिनं न सांगता घेतलेलं असेल असं मला वाटत होतं. खरं तर मला तसं हवंच होतं. पण तिनं चिपच काढून टाकली होती. बारीक वाटा नाहीत, पंप नाही, काही नाही. खुणा लावलेले जेलचे मणी, पेशी आणि तेल एका नळीत घालायचे आणि नळी जोरात हलवायची. मण्याभोवती आपोआप थेंब बनतो आणि त्यात बहुधा एक पेशी अडकते. कुणाच्याही हातून होईल असं. मी परत पहिल्यापासून वाचलं. हे मला कधीच सुचलं नसतं. ज्याचा हात चांगला आहे त्याला ते सुचणारच नाही.

तिनं चोरलं असतं तर बरं झालं असतं. मला निदान रागवता आलं असतं.

पेपरातल्या बातमीनंतर काही दिवसांनी आमच्या संचालकांनी मला बोलावलं. "मैडम, आपकी सहेली किट दिखाने आ रही हैं. आप ही संभाल लीजिए."

ती आली. भर उन्हाळा होता. गेटपाशीच तिनं मला मिठी मारली. "काय गं, कशी आहेस? कितने साल हो गए यार!"

माझ्या खोलीत खिडकीखाली माझं यंत्र होतं, चिप आणि पंप जोडलेलं. ते फक्त मी असले की चालायचं. तेही नीट नाहीच, कारण सिकलसेलच्या पेशी कडक असतात आणि त्या बारीक वाटेत अडकून बसायच्या. माझे विद्यार्थी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. तिनं त्यावरून हात फिरवला. "अजून चिप बनवतेस? बाप रे! मुझसे तो कभी बनी ही नहीं." आणि ती खळखळून हसली.

प्रयोगाच्या वेळी मी हातमोजे चढवून तयार होते. तिनं मला थांबवलं आणि रक्त घेणाऱ्या आमच्या टेक्निशियन दीदींना पुढं बोलावलं.

"मेरे को तो ये सब नहीं आता, मैडम," दीदी म्हणाल्या.

"इसीलिए तो आप."

"हव," म्हणत दीदी बसल्या. ती सांगत गेली, दीदी करत गेल्या. नळी हलवायच्या छोट्या यंत्रावर त्यांनी नळी धरली, ती थरथरली आणि आतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मी मनात म्हणत होते, बिघडू दे. एकदा तरी बिघडू दे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळीकडे सारखे, गोल, शांत थेंब. मी वाईट थेंब शोधू लागले. एकात दोन पेशी सापडल्या.

"इथं दोन आहेत," मी म्हटलं.

"हो, थोडे येतात तसे. ते नंतर काढून टाकतो," ती म्हणाली. तिला त्याचं काहीच नव्हतं. दीदींनी डोळा लावला आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या सगळ्यांना बोलवायला बाहेर धावल्या.

संस्थेबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी विचारलंच. "बंगळुरूत असताना तुले कधी माहा राग यायचा काय?"

"तुझा? काहून?" तिनं खरोखर विचार केला. "नाही गं. तू मस्त बनवायचीस, मी मागून न्यायची. बस मन में ये आता था की ऐसे हाथ वाले कितने होंगे? बाकी लोग क्या करेंगे?"

एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि तिच्या मनात मी कधी तिची स्पर्धक नव्हतेच. मी एक अडचण होते, तिला ज्यावर उपाय सापडला ती.

जाताना ती म्हणाली, "तुझ्याकडे पेशंट आहेत, तू त्यांना ओळखतेस. मिलके करते हैं ना?" मी म्हटलं, सांगते.

घरी आईनं माझं तोंड पाहिलं. "काय झालं? भांडली काय तिच्याशी?"

"नाही."

"मंग तोंड काहून असं करून ऱ्हायली?"

"मी जळते तिच्यावर, आई." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "जळ ना. काम बी कर."

मी मैत्रिणीला हो कळवलं, आणि तिचं किट आल्यावर काम सुरू केलं. आमच्या संस्थेत उपचारासाठी महासमुंदकडची एक कॉलेजातली मुलगी यायची. मोठ्यांच्या रक्तातल्या काही पेशी परत तान्हेपणीचं हिमोग्लोबिन बनवू लागल्या की या आजाराचं दुखणं कमी होतं, आणि तिला त्यासाठीचंच औषध दिलं होतं. तिचं दुखणं मात्र तसंच. डॉक्टर म्हणत, ही गोळ्या घेत नाही. तिची आई सगळ्यांसमोर तिला रागवायची. ती मुलगी एकदा 'लेती हूँ' म्हणायची आणि खाली मान घालून बसायची. तिच्या रक्तातल्या कोवळ्या लाल पेशी तपासायच्या हे मी ठरवलं. ते माझं होतं, फक्त माझं.

निकाल आला. औषध पोचल्याची खूण जवळजवळ प्रत्येक पेशीत होती. पण तान्हेपणीचं हिमोग्लोबिन बनवू लागलेल्या पेशी मोजक्याच. बाकीच्या औषध मिळूनही गप्प होत्या. मुलगी गोळ्या घेत होती. रोज घेत होती.

मी मुलीला आणि तिच्या आईला बोलावून हे समजावलं. मुलगी रडली नाही, चिडली. "मैं तो बोल ही रही थी! कोई सुन रहा था क्या?" तिची आई तिचा हात धरायला गेली, तिनं तो सोडवून घेतला. बऱ्याच वेळानं परत धरू दिला.

मी मैत्रिणीला फोन केला. "देखा! देखा!" ती ओरडत होती आणि मीही ओरडत होते. फोन ठेवल्यावर मात्र मला आठवलं की हे तिच्या नळीमुळं झालं. माझ्या यंत्रात त्या मुलीच्या पेशी अडकूनच बसल्या असत्या. आनंद गेला नाही, पण त्याच्या शेजारी ते दुसरंही येऊन बसलं. आता ते दोन्ही तिथंच असतात.

आमचा निबंध निघाला. तिचं नाव शेवटी, मानाच्या जागी. माझं पहिलं, प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या जागी. कोणतं मोठं, यावर मी अजून मनात वाद घालते. ती मला दर आठवड्याला फोन करते आणि मी दरवेळी घेते. मुलीचं औषध डॉक्टरांनी बदललं आहे. दुखणं कमी आहे, संपलेलं नाही. मागच्या वेळी ती मुलगी एकटीच आली, रक्त द्यायला बाही वर केली आणि मला विचारलं की असं काम करायला काय शिकावं लागतं. मी तिला सगळं सांगितलं.