झालं का?

आमच्या भाऊजींसमोर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासमोर, दोन शब्द कधीही काढू नयेत. शिव्या चालतात. शिव्या ते स्वतः सुरेख देतात आणि समोरच्याने एखादी चांगली दिली तर मनापासून दादही देतात. पण 'झालं का?' एवढं कानावर पडलं की आधी त्यांच्या मिशा उभ्या राहतात आणि मग भाऊजी.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर, काळोख्या उभ्या बोळात, दातांत टॉर्च धरून आणि दोन्ही हात ग्रीसमध्ये घालून हा माणूस बसलेला असतो. अशा वेळी वरच्या मजल्यावरून एक बाई दाराच्या फटीला तोंड लावून विचारते, "झालं का?" दातांत टॉर्च असल्यामुळे उत्तर देता येत नाही. खालून एक आजोबा विचारतात, "अहो, झालं का?" मधल्या मजल्यावरचा एक शहाणा काहीच विचारत नाही, नुसतं बटण दाबतो. म्हणजे तोच प्रश्न, बोटाने. उभी हयात हे ऐकत काढलेल्या माणसाला निदान रविवारी तरी हा प्रश्न कुणी विचारू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा. आणि जग नेमकं रविवारची वाट बघत असतं.

कारण शहरात हल्ली तुम्हाला बसवायला कुणी नसलं तरी उठवायला माणसं नेमलेली असतात. बागेत जरा टेकलं की पहारेकऱ्याची शिट्टी. तळ्यावरच्या होडीत बसून वल्हं नीट धरायला जमतं न जमतं तोच काठावरून 'वेळ संपली'. आणि हॉटेलात तर वेटर. भाऊजींची जेवायची एक पद्धत आहे. ते शेवटचा घास रचतात. सुरुवातीपासून ताटाच्या एका कोपऱ्यात थोडं कुरकुरीत, थोडं आंबट, थोडा रस्सा असं बाजूला ठेवत जातात आणि सगळं आटोपल्यावर ते एकत्र करून, डोळे मिटून खातात. डोळे मिटायच्या नेमक्या आधी वेटर ताटाच्या कडेला हात लावतो आणि विचारतो, "झालं का, सर?" मग जे होतं त्यामुळे आम्हाला काही हॉटेलं बदलावी लागली आहेत. ताई म्हणते, शहरात आता फारशी उरली नाहीत, दुसऱ्या शहरात घर बघायला हवं.

असा हा माणूस. आणि ह्याच माणसाने आपल्या एकुलत्या एका मुलीला कित्येक महिने फोनवर एकच प्रश्न विचारला. कोणता, ते सांगायला नको.

माझी भाची विमा कंपनीत होती. पंखा, खुर्ची, महिन्याचा पगार, सगळं जागच्या जागी. एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात जाऊन सिनेमासाठी आवाज करायला लागली. आवाज म्हणजे गाणं नव्हे. पडद्यावर कुणी चाललं की पावलांचा, कुणी पेला ठेवला की पेल्याचा, कुणी दार लोटलं की दाराचा. ती हे सगळं एका खोलीत बसून बनवते. भाऊजींच्या डोक्यात हे शिरायला तयार नव्हतं. माणूस चालला की आवाज आपोआप येतो, त्याला वेगळा पगार कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर तिचा फोन आला की ते तब्येत विचारत नसत, जेवण विचारत नसत. "झालं का तुझं?" म्हणजे ते खूळ उतरलं का, परत कधी येतेस. ताईने एकदा तोंडावर सांगितलं, की अहो, ह्याच शब्दांवरून तुम्ही जगाला फाडून खाता. तर म्हणाले, ते वेगळं, मी बाप म्हणून विचारतो.

पोरगी बापाचीच. तिने वडिलांना फोन करणं बंद केलं. फोन ताईला यायचा आणि भाऊजी शेजारच्या खोलीत तोंडासमोर वर्तमानपत्र धरून ऐकायचे. तासभर पान उलटत नसे.

मग तो सिनेमा आला. भाचीने ताईला कळवलं, की शेवटी नावं येतात त्यात माझंही आहे, पहिल्यांदाच आलंय. सिनेमा गावात एकाच थिएटरात होता आणि येत्या शुक्रवारी उतरणार होता. ताईने हे भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, मला काय करायचंय. आणि रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी मला फोन लावला, की मेव्हणे, बऱ्याच दिवसांत तुम्हाला सिनेमा दाखवला नाही.

सिनेमा बरा होता. मधे एका म्हाताऱ्याच्या घराचा प्रसंग होता. तो लिफ्टमधून बाहेर येतो आणि लिफ्टचं दार करकरत बंद होतं. सगळं थिएटर गंभीर झालं होतं. भाऊजी मोठ्याने म्हणाले, "दाराचे रोलर गेलेत." मागून कुणीतरी शुक् केलं. ताई त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, की अहो, तो आवाज आपल्या पोरीने केलाय.  बऱ्याच वेळाने, पडद्यावर म्हाताऱ्याला अग्नी देऊन झाल्यावर, भाऊजी हळूच म्हणाले, "हुबेहूब गेलेत."

शेवट झाला. नावं सुरू झाली. आधी नायक, मग नायिका, मग ज्यांचे पैसे लागले ते. भाऊजींनी चष्मा पुसला आणि पुढे सरकून बसले. तेवढ्यात सगळे दिवे एकदम लागले. पडद्यावरची अक्षरं दुधात पाणी घातल्यासारखी फिकी झाली. दारं उघडली, झाडू घेतलेल्या बायका आत शिरल्या, लोक उठून पुढ्यात उभे राहिले आणि शेवटी पडदाच कोरा झाला. अर्ध्यात. गणवेशातला एक माणूस आमच्या रांगेपाशी आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "झालं, काका. चला."

पुढचं मी थोडं गाळूनच सांगतो, कारण भाऊजींचे काही शब्द कागदाला सोसवणार नाहीत. मुद्दा एवढाच, की ते खुर्चीत बसून राहिले आणि त्यांचा आवाज उठला. गणवेशवाला मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणजे टाय लावलेला एक तरणा गृहस्थ, बोलताना सारखा घड्याळ बघणारा. त्याने समजावलं, की पुढचा खेळ आहे, मधे झाडून घ्यायचं असतं, शेवटची नावं आम्ही रोजच कापतो, आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

"नावं कोण वाचतं, साहेब?"

"मी वाचतो," भाऊजी म्हणाले. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. चौथ्या मजल्याचं बटण दाबलेल्या माणसाला तिसऱ्यावर उतरवलं आणि म्हटलं, उतरा, वर कोण राहतं, तर चालेल का तुम्हाला?"

मॅनेजरने ह्यावर फुकट लाह्यांचं कुपन पुढे केलं. ही चूक होती. भाऊजींनी त्या कुपनाचं काय करावं ह्याबद्दल जी सूचना केली ती ऐकून झाडूवाल्या बायका झाडायच्या थांबल्या.

एव्हाना पुढच्या खेळाचे लोक आत येऊ लागले होते. एक आडवातिडवा गृहस्थ, हातात लाह्यांचं डबडं, मागे बायको, आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ही माझी खुर्ची. भाऊजी म्हणाले, थांबा, आमचं अजून झालेलं नाही. तो म्हणाला, सिनेमा तर संपला. मग कुणी म्हणालं, बरोबर आहे त्यांचं, पूर्ण सिनेमाचं तिकीट आहे. कुणी म्हणालं, वेळ खातोय म्हातारा. 'म्हातारा' हा शब्द कुणी काढला ते शोधायला भाऊजी उठणार, तेवढ्यात ताई उभी राहिली. इतका वेळ ती मांडीवर पर्स धरून मुकाट्याने बसली होती.

"आमच्या मुलीचं नाव आहे त्यात," ती मॅनेजरला म्हणाली. "हे तिच्याशी बोलत नाहीत. निदान वाचू तरी द्या."

 भाऊजींचा चेहरा टॉर्चने तोंडावर उजेड मारल्यासारखा झाला. मॅनेजरने पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायचं सोडलं. म्हणाला, आता मागे नेता येणार नाही, वरच्या खोलीत पुढचा खेळ लावून झालाय. पण पुन्हा हाच सिनेमा आहे, त्याच्या शेवटी मी स्वतः उभा राहतो, दिवे लावू देत नाही, नावं कापू देत नाही. तुम्ही शेवटी आत या. भाऊजींनी विचारलं, शब्द? तो म्हणाला, शब्द. आडव्या गृहस्थाला खुर्ची मिळाली. बसल्यावर तो म्हणाला, की आता मलापण नावं बघावी लागणार, काय कटकट आहे.

तो अख्खा खेळ आम्ही बाहेर काढला. ताई बाकावर बसली. भाऊजी आधी येरझाऱ्या घालत होते, मग तिथल्या लिफ्टमधून उगाचच वर-खाली करून आले आणि म्हणाले, मेव्हणे, हिचा ब्रेक जरा उशिरा लागतो, ह्या इमारतीत सगळंच चुकीच्या वेळी थांबतं. मला भूक लागली होती पण बोलायची सोय नव्हती.

दार उघडलं तेव्हा आम्ही भिंतीला लागून, झाडूवाल्या बायकांच्या रांगेत उभे राहिलो. मॅनेजरने शब्द पाळला, दिवे लागले नाहीत. पण लोकांना सवय. नावं सुरू होताच सगळे उठले आणि पडद्यासमोर डोक्यांची भिंत तयार झाली. भाऊजी गरजले, "बसा खाली." काळोखात, दोरीने ओढल्यासारखं, अख्खं थिएटर खाली बसलं. आडवा गृहस्थ तर आधीच बसलेला होता. तो आणखी खाली सरकला.

नावं वर चढत होती. कपडे, केशभूषा, गाड्या, जेवण. एका झाडूवाल्या बाईने भाऊजींना विचारलं, की मुलगी काय करते?

"आवाज."

"कसला?"

"सगळा," भाऊजी म्हणाले.

मग ते नाव आलं. बारीक अक्षरांत, आठ-दहा नावांच्या खाली. ताईने तोंडावर पदर धरला. ती बाई झाडूच्या दांड्यावर रेलून मान वर करून बघत राहिली. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पोरासारखे ते नाव जुळवत वाचत होते. नाव वर सरकत सरकत पडद्याबाहेर गेलं तरी त्यांची मान त्याच्या मागोमाग छताकडे वळली होती. मी म्हटलं, आता माणूस रडणार.

"पहिली!" भाऊजी ओरडले. "आडनावाची वेलांटी पहिली घातली. हरामखोरांनी पहिली घातली."

आमच्या भाऊजींच्या आडनावात दुसरी वेलांटी आहे. पत्रावर कुणी पहिली घातली तर ते पाकीट न फोडता परत पाठवतात.

हॉटेलात ताटं समोर आल्यावरही हेच चालू. थिएटरवाला सुटला होता, आता सिनेमा काढणारे सापडले होते. एवढ्या गाड्या उडवल्या, एवढे दिवे लावले, एक वेलांटी नाही परवडली? माझ्या पोरीचं नाव आहे की दुसऱ्या कुणाचं? अशात ताईचा फोन वाजला. भाची. ताईने 'हॅलो' म्हणायच्या आत भाऊजींनी फोन हिसकावून घेतला. कितीतरी दिवसांनी बाप लेकीशी बोलत होता आणि सुरुवात झाली ती अशी, की आपली वेलांटी दुसरी आहे, तुला शाळेत घालताना मी मास्तरांशी भांडून ती दुसरी करून घेतली होती, तू तिथे झोपा काढत होतीस काय. मग थिएटर, दिवे, मॅनेजर, लाह्या, पुन्हा वेलांटी. आजूबाजूची टेबलं जेवायची थांबली.  आणि मग, भाऊजी श्वास घ्यायला थांबले तेव्हा, तिचा शांत आवाज आम्हालाही ऐकू आला.

"झालं का, बाबा?"

ताईने माझा हात धरला. मी पाण्याचा पेला भाऊजींच्या आवाक्याबाहेर सरकवला.

"नाही झालं," भाऊजी म्हणाले. आवाज चढाच होता, पण आत कुठेतरी दोर जरा सैल झाला होता. "पुढच्या सिनेमात दुसरी वेलांटी घालायला सांग. नाहीतर मी येतो तिथे आणि बघतो एकेकाला."

 आवाजावर पोट भरणारी पोरगी, पण तिच्याकडून हुंदकासुद्धा ऐकू येईना. पुढचा सिनेमा. हा शब्द ह्या घरात आजवर कुणी काढला नव्हता.

मग भाऊजींनी धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं विचारलं, की ते लिफ्टचं दार कुठलं, आवाज ओळखीचा वाटला. भाची म्हणाली, "आपल्याच बिल्डिंगचं, बाबा. गेल्या खेपेला आले होते ना, तेव्हा टिपून घेतलं." आमच्या ताईला हसू आवरेना. त्या दाराचे रोलर बदला म्हणून ती कधीची भाऊजींच्या मागे लागली आहे आणि भाऊजी दर वेळी म्हणतात, बाहेरच्यांची कामं झाली की बघतो.

भाऊजी फोनवर रोलरची बाजू लढवत होते तेव्हा वेटर आला. त्याने ताटाच्या कडेला हात लावला आणि तोच प्रश्न विचारला. मी डोळे मिटून घेतले. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. ताट गेलं.

आम्ही बाहेर पडलो. पायऱ्या उतरून फुटपाथवर आलो तेव्हा भाऊजी एकदम थांबले. त्यांनी आधी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेव्हणे, माझा शेवटचा घास कुठे गेला?"

आणि मिशा उभ्या करून ते परत आत गेले.