देवाजींचं नाटक

“मॅडम, मी आता मामाजीले हात नाही लावणार. तुमचं तुम्ही पाहा.”

फोनवर वंदना होती, राजूरच्या देवाजींची सून. मी वणीत फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना क्लिनिकपर्यंत येणं जमत नाही, त्यांच्याकडे होम व्हिजिटला जाते. देवाजी कोळसा खाणीतून रिटायर झालेले, कंपवाताचे पेशंट. दर आठवड्याला त्यांच्याकडे माझी फेरी असायची. मधे मी बाहेरगावी होते. नेमकं तेव्हाच हे झालं होतं.

“काय झालं?”

“ते सायकल चालवून राह्यले. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं.”

तिचा राग समजण्यासाठी आधी फ्रीझिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. कंपवातात काही जणांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. ताकद असते, इच्छा असते, पण पाऊल उचलत नाही. देवाजींचं हे दारात व्हायचं. मग वंदना त्यांना मिठी मारल्यासारखं धरायची आणि बाहेर काढायची. संडासला नेताना तेच, अंघोळीला नेताना तेच. त्यात तिची कंबर गेली. पट्टा बांधून ती सासऱ्याला उचलत होती.

त्या दिवशी देवाजींना अंगणात बसवून ती दळणाला गेली. परत आली, तर ते रस्त्यावर. अंगणात टेकवलेली आपल्या मुलाची सायकल घेऊन चौकापर्यंत जाऊन आलेले, अगदी सरळ, तोल न जाता. भिंतीपाशी उतरले आणि पुन्हा जागच्या जागी थिजले.

“इतके दिवस मले नाचवलं! अन् तोंडावर साधी शरम नाही,” ती त्यांना म्हणाली आणि पोरीला घेऊन बाभुळगावला माहेरी निघून गेली. तिथूनच तिने मला फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी मी राजूरला गेले. मुलगा सुनील घरीच होता. सायकल त्याने आदल्या दिवशी संध्याकाळीच भंगारात दिली होती.

“बाबांचं नाटक संपलं मॅडम. आता व्यायाम कायले पाह्यजे?”

“हे नाटक नाही. याला नाव आहे. कायनेसिया पॅराडॉक्सा.”

“म्हणजे?”

“कायनेसिया म्हणजे हालचाल. पॅराडॉक्सा म्हणजे उलटंच काहीतरी. जे सोपं ते जमत नाही, आणि अवघड ते जमून जातं.”

हा शब्द आम्ही कॉलेजात परीक्षेपुरता पाठ करतो. प्रॅक्टिसमध्ये तो वापरायची वेळ क्वचितच येते. मी सुनीलला समजावलं. आपण चालतो तेव्हा पावलाचा हुकूम मेंदू आपोआप देतो. कंपवातात तिथेच अडतं. सायकलवर एक पेडल खाली गेलं की दुसरं वर येतं, म्हणजे पुढच्या पायाला इशारा बाहेरून मिळतो. म्हणून काही पेशंटना चालता येत नाही, पण सायकल येते. दोन्ही खरं असतं.

त्याचा विश्वास बसेना. मी बॅगेतली पांढरी चिकटपट्टी काढली, दारात आणि खोलीत पावला-पावलावर आडव्या रेघा चिकटवल्या.

“देवाजी, रेघ ओलांडा. चालू नका, फक्त रेघ ओलांडा.”

त्यांनी एक ओलांडली, मग दुसरी. कोणी न धरता ते दाराबाहेर आले. सुनील बघत राहिला आणि मग खाटेवर बसला.

“मले कोणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला.

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या होत्या, मी व्यायाम शिकवत होते. देवाजी सायकलवर बसतील हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

मी वंदनाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग म्या एवढी बोलली, तवा त्याइच्या तोंडावर काहीच कसं नाही दिसलं?”

“त्या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. चेहरा मुखवट्यासारखा होतो. माणूस आतून रडत असला तरी बाहेर दिसत नाही.”



“म्हणजे त्याइले लागलं असंन.”

“लागलं असणारच.”

दोन दिवसांनी ती परत आली. देवाजींच्या पायाशी बसून खूप रडली. त्यांचा आवाज आजाराने बारीक झाला होता. ते एवढंच म्हणाले, “तुही काय चूक, माय. म्याच चढाले नोतं पाह्यजे.”

पुढे सुनीलने जागेवरच चालवायची सायकल आणली. पडायची भीती नाही, पायांना उत्तम व्यायाम. देवाजींनी तिला हात लावला नाही. मी समजावलं, सुनीलने विनवलं. वंदनाने तर स्वतः चालवून दाखवली.

“लोक पाहतीन,” ते म्हणायचे.

चौकात तोपर्यंत ‘बुढा नाटकं करते’ हे पसरलं होतं. मी चौकात जाऊन कोणाकोणाला कायनेसिया पॅराडॉक्सा समजावणार? घरात ते रेघा ओलांडत फिरायचे, पण फाटकाबाहेर कधी गेले नाहीत. पाय आखडत गेले. वर्षभरात रेघांचाही उपयोग होईना. शेवटपर्यंत वंदनानेच त्यांचं सगळं केलं.

हल्ली कंपवाताचा नवा पेशंट आला की व्यायामाआधी मी घरच्यांना समोर बसवते. सांगते, उद्या हे सायकलवर बसले, लग्नात नाचले, आग लागली म्हणून पळाले, तरी यांना खोटं ठरवू नका. बरेच जण हसतात. हसू देत. आजाराचं नाव उशिरा कळलं तरी गोळ्या सुरू करता येतात. तोंडून गेलेला शब्द मात्र परत घेता येत नाही.