आंटीच्या पूजेचे माझे गुलाब
आज गुलाबांसाठी मोहरीची खली, म्हणजे पेंड, खत म्हणून भिजवली, त्या सडक्या वासाबरोबर शेजारच्या आंटीवरचा जुना रागही वर आला. मयूर विहारच्या आमच्या दाराबाहेर कुंड्यांत माझे बुटके गुलाब होते, आणि ती रोज सकाळी पूजेसाठी फुलं तोडून न्यायची. पकडलं तर म्हणाली, "भगवान के लिए ही तो हैं बेटा, इतना क्या जलना." मी चिडून कुंड्या बाल्कनीत जाळीआड नेल्या. फुलं झाडावरच सुकली, नवी कळीच येईना. माळी म्हणाला, "सूखे फूल काटोगी नहीं तो नए कैसे आएंगे?" म्हणजे इतके दिवस आंटीच्या तोडण्यानेच झाडं फुलत होती, यार. तेव्हापासून मीच कापते, आंटी तिच्या खिडकीतून बघत असताना, आणि ताजी फुलंसुद्धा डस्टबिनमध्ये टाकते.