हॅलोविनला वाटलेल्या करंज्या

त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले. पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईला हॅलोविन समजावणं काही अवघड गेलं नाही. मुलं भुतंखेतं बनून दारोदार हिंडतात, आपण खाऊ द्यायचा, एवढंच. अवघड गेलं ते पुढचं. खाऊ बंद पाकिटातलाच द्यायचा, उघडा नाही, असं मी बजावलं. आईला ते पटेना. ऐन दिवाळीत दारात आलेल्या पोराला घरचं सोडून दुकानातलं द्यायचं? आणि का, तर म्हणे कुणी त्यात सुई टोचेल, काहीबाही कालवेल!

"लहान मुलाच्या घासात कोण विष घालतं गं?" तिनं विचारलं.

"कुणी घालत नाही. पण इथली पद्धत आहे," मी म्हटलं आणि चॉकलेटची पाकिटं टेबलावर ठेवून ऑफिसला गेले.

इथल्या हिल्सबरो उपनगरात आमच्या घरापासून दोन घरं सोडून माझी मैत्रीण राहते. मूळची मुंबईची. माझी लेक झाली तेव्हा माहेरचं कुणी इथं नव्हतं, तर हिनं मला डिंकाचे लाडू करून खाऊ घातले. आमच्या घराची जादा किल्ली तिच्याकडे असायची. त्या दुपारी ती आईला करंज्या करू लागायला आली होती.

संध्याकाळी मी परतले तेव्हा लख्ख ऊन होतं. इथं दक्षिण गोलार्धात हॅलोविन वसंतात येतो, त्यामुळे भुतांना बिचाऱ्यांना उन्हातच हिंडावं लागतं. पायरीवर आई आणि मैत्रीण बसल्या होत्या, मध्ये करंज्यांचं ताट, बहुतेक रिकामं. चॉकलेटना हातसुद्धा लागला नव्हता.

माझा चेहरा बघून मैत्रीण म्हणाली, "अगं, रिलॅक्स! मीच म्हटलं काकूंना, द्या बिनधास्त. मुलांनी हीप्स नेल्या, ढिगानं."

आई तर हरखून गेली होती. एका छोट्या चेटकिणीनं तिला 'किया ओरा', म्हणजे माओरीत नमस्कार, म्हटलं होतं आणि तिनंही तिला तसंच म्हटलं होतं. तिचा आनंद बघून मी चॉकलेटची पाकिटं उचलून आत नेली.

जेवणं झाल्यावर लेकीनं दारोदार हिंडून आणलेली खाऊची पिशवी मी टेबलावर ओतली. दर वर्षी ओततेच. फाटकं वेष्टन, उघडलेलं पाकीट, काही म्हणजे काही पोटात जाऊ देत नाही. "मम्मी, नोबडी एल्सेस मॉम डझ धिस," लेक कुरकुरत होती. तेवढ्यात आमच्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. मोडलेली करंजी, सारण बशीत सांडलेलं. कुणा आईनं खाली विचारलं होतं, 'हे कुठल्या घरातून आलं? आत पांढरी पावडर आहे.'

पिठीसाखर, बाई! पिठीसाखर आणि खोबरं.

तिचा मला राग आला नाही. मीही तेच तर करत होते. मी उत्तर लिहायला घेतलं, पण माझ्याआधी मैत्रिणीचं येऊन पडलं. 'कल्पना नाही. सरळ टाकून द्या. आम्ही फक्त बंद पाकिटंच देतो.'

मी फोटो मोठा करून पाहिला. आई करंजीला हातानं मुरड घालते, कातण्यानं कड कापणं तिला कामचुकारपणा वाटतो. फोटोतल्या करंजीची कड कातण्यानं कापलेली होती. म्हणजे ती मैत्रिणीच्याच हातची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर जाऊन तिला फोन लावला.

"अगं, मी शाळेच्या पेरेंट्स कमिटीवर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बसून उघडा खाऊ वाटला हे कळलं तर काय इम्प्रेशन होईल? काकू काय, जानेवारीत परत जातील. आपल्याला इथं राहायचंय."

"लोकांना वाटतंय आईनं विष घातलं."

"कुणी नाव घेतलंय का त्यांचं?"

मी फोन ठेवला. माझ्या आईला हिनं काकू म्हणायचं, तिच्या शेजारी बसून करंज्या लाटायच्या, आणि संकट आलं की 'कल्पना नाही'!

आत आले तर लेकीनं अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत आजीला त्या फोटोचं सांगून टाकलं होतं. आईचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातचं खाऊन कुणाला कधी..." ती म्हणाली. मग तीच सावरून म्हणाली, "पण ती आहे ना. सगळं तिच्यासमोरच झालंय. ती सांगेल त्यांना."

मी ग्रुपवर लिहिलं, करंज्या आमच्याकडच्या, माझ्या आईनं दिवाळीसाठी केलेल्या. आत खोबरं, रवा, पिठीसाखर, वेलची, काजू. ज्या मुलांना काजू चालत नाहीत त्यांना देऊ नका. पुढच्या वर्षी बंद पाकिटंच देऊ. मैत्रिणीचं नाव मी घातलं नाही. ते तिनं स्वतःहून सांगावं असं मला वाटत होतं.

फोटो टाकणाऱ्या बाईंचं लगेच उत्तर आलं. त्यांच्या मुलाला नट्सची ॲलर्जी आहे, म्हणून घाबरले, सॉरी, तुमच्या आईला थँक्यू सांगा. मी ते आईला मराठीत सांगितलं. तिनं मान हलवली. मग मैत्रिणीनं माझ्या मेसेजवर एक लाल बदामाचा इमोजी टाकला.

आई वाकून बघत होती. "हा बदाम कुणाचा?"

मी सांगितलं.

"आणि लिहिलंय काय तिनं?"

"काही नाही."

"लिहील गं. पोरांना झोपवत असेल," आई म्हणाली आणि माझा फोन हातात घेऊन बसून राहिली.