चाच्यांच्या सिनेमात बाबांची होडी

समुद्री चाच्यांचा सिनेमा समुद्रावर काढत नाहीत, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. पनवेलच्या बाहेर, जासईकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून भराव टाकलेलं एक मैदान आहे, तिथे आमचं जहाज उभं होतं. प्लायवूडचं जहाज, खाली लोखंडी सांगाडा, त्याच्याखाली ते डोलवणारं यंत्र. तीन बाजूंना निळं कापड आणि चौथ्या बाजूला कंटेनरच्या थप्प्या. थप्प्या नंतर कॉम्प्युटरवर पुसायच्या आणि निळ्याच्या जागी समुद्र घालायचा. त्या समुद्रात मग भुतांचा कप्तान, सात तोंडांचा साप आणि आमचा तलवारबाज हीरो. वाऱ्याला मोठे पंखे होते, लाटांना पाण्याचे टँकर. बाबा पहिल्यांदा सेटवर आले तेव्हा सगळीकडे फिरून त्यांनी मला एकच विचारलं, "भरती कवा हाय?"

मी सिनेमाच्या कला विभागात आहे. माझं काम वस्तू जुन्या करण्याचं. सकाळी सुताराने केलेला कोरा पेटारा संध्याकाळपर्यंत शंभर वर्षांचा दिसला पाहिजे. तारेचा ब्रश, ब्लोलॅम्प, चहाचं पाणी आणि थोडी दुष्टबुद्धी एवढ्यावर ते होतं. आई म्हणते, "एवरी शिकलीस नि धूल लावतेस?" तिला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता होडीबद्दल. बाबांनी जन्मभर खाडीत मासे धरले. खाडी भरावाने आक्रसत गेली आणि होडी चिखलात टेकली ती टेकलीच. फक्त नारळी पुनवेची मोठी भरती तिच्यापर्यंत पोचायची. त्या एका दिवशी होडी तरंगायची. आई तिच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावायची, बाबा चपला काठावर काढून चढायचे, एक फेरी मारून नारळ सोडायचे आणि पाणी उतरायच्या आत परत. वर्षातून अर्धा तास. बाकीचे दिवस बाबा त्या अर्ध्या तासाच्या तयारीत असायचे, असं मी चेष्टेनं म्हणायची. चेष्टा कसली, खरंच होतं ते.

सिनेमात जहाज बुडाल्यावर हीरो एका मोडक्या होडीतून एकटाच निघतो. आमच्या कला दिग्दर्शकाला तशी होडी मिळेना. मीटिंगमध्ये मी शहाणी पुढे झाले आणि म्हटलं, माझ्या बाबांची आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी येऊन पाहिली. उडालेला रंग, बुडाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, आणि हिरवट फळ्या. ते खूशच झाले, म्हणाले, "हिला हातसुद्धा लावू नका. अशीच पाहिजे."

मग कागद आला, इंग्रजीत. बाबांना मीच वाचून दाखवला. चित्रीकरणाच्या गरजेप्रमाणे होडीत फेरबदल करता येतील, असं एक वाक्य होतं. मी म्हटलं, "रंगबिंग लावतील, बाबा."

"लावूंदे," ते म्हणाले. "पन पुनवेच्या आदी आनशील ना?"

"आनते."

सही केली त्यांनी. मी ते वाक्य नीट वाचून दाखवलं नाही, हे मी आता कितीही वेळा लिहिलं तरी ते नीट वाचलं जाणार नाही.

पंधरा दिवसांनी होडी ट्रकमधून सेटवर आली आणि कला दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला. होडी लखलखत होती. बाबांनी सगळी कालवं खरवडून काढली होती, फटींत कापूस भरून माशाचं तेल पाजलं होतं, वर निळा-पिवळा रंग आणि टोकाला झेंडूची माळ. आमच्यात होडी घरातून निघते ती सजूनच निघते, कशीही कुठे पाठवत नाहीत. "हातसुद्धा लावू नका" हे बाबांना सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

तेव्हा ती पुन्हा जुनी करायचं काम कोणाकडे आलं ते सांगायला नको. बाबा समोर खुर्चीवर बसले होते आणि मी त्यांचा रंग ब्लोलॅम्पने जाळत होते. माशाच्या तेलाचा वास मैदानभर सुटला. त्यांनी खरवडलेल्या कालवांच्या जागी मी प्लास्टरची कालवं चिकटवली. बाबा उठून जवळ आले, एका कालवावर नख मारलं आणि म्हणाले, "खोटी हायत." मी म्हटलं, हो. मला इतकी लाज वाटली होती की मी मान वर केली नाही.

बाबांना रोज यायला सांगितलं होतं, हीरोला वल्हवायला शिकवायला. कोरड्या जमिनीवर, होडीत बसून. हीरो भला मुलगा, त्यांना काका म्हणायचा, पण बूट घालून चढायचा.  तो उतरला की बाबा टॉवेलने फळी पुसायचे. "पानी ढकलू नको, होरी ढकल," ते त्याला सांगायचे आणि तो गंभीरपणे हवा ढकलायचा. मला हसू यायचं. बाबांना नाही यायचं.

पुनवेला नऊ दिवस होते तेव्हा घोडं अडलं. हीरोचा चेहरा जवळून घ्यायचा होता आणि कॅमेरा होडीत मावेना. दिग्दर्शकांनी दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, एक बाजू कापा.

मी कला दिग्दर्शकांकडे गेले. ते म्हणाले, प्रॉडक्शनशी बोल. प्रॉडक्शनवाल्याने कागद दाखवला आणि मी वाचून न दाखवलेलं वाक्य मलाच वाचून दाखवलं. मी म्हटलं, प्लायवूडची दुसरी होडी करते, आठ दिवस द्या. हीरो परवापर्यंतच होता. सगळे माझ्याशी नीट बोलले, चहासुद्धा दिला. भांडायला कोणी एखादा वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

बाबांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. सुताराने यंत्राची करवत लावली तेव्हा ते तिथेच होते. आवाज सुरू झाला तसे ते उठले. मला वाटलं, आता ओरडतील, आणि मनातून मला ते हवंही होतं. त्यांनी चपला काढल्या, होडीत चढले आणि सुताराचा हात धरून करवत वीतभर मागे नेली.

"हितून काप," ते म्हणाले. "हितं जोड हाय. फली फुटाची नाय, मंग परत बसवता येल."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बाबा फळी धरून उभे राहिले, कापून होईपर्यंत.

शॉट दोन दिवसांत झाला. तिसऱ्या दिवशी सेट मोडायला माणसं आली. मी पोचले तेव्हा होडीचा मोठा तुकडा मैदानात होता आणि कापलेली बाजू नव्हती. प्लायवूडबरोबर कुठल्याशा ट्रकमध्ये गेली. मी तीन गोदामं पालथी घातली. तलवारी सापडल्या, सापाची पाच तोंडं सापडली, होडीची बाजू नाही. गोदामातला माणूस म्हणाला, मॅडम, लाकूड लाकडासारखंच दिसतं.

त्या पुनवेला भरती आली, पाणी जिथे यायचं तिथे आलं. उरलेली होडी ताडपत्रीखाली घरामागे होती. बाबांनी काठावरून नारळ सोडला आणि पाणी उतरायची वाट न बघता घरी आले.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी बाबांना एकट्यालाच पनवेलच्या मॉलमध्ये नेलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जहाज बुडालं. मी खुर्चीत पुढे सरकले. आणि एकदम हीरो किनाऱ्यावर वाळूत पडलेला दिसला. मधलं होडीचं सगळं काढून टाकलं होतं. मला कोणी कळवलं नव्हतं, कळवायचं कारणही नव्हतं. असे तुकडे सगळ्याच सिनेमांतून जातात. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही अर्धं.

 सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले, तरी बाबा पडद्यावर वर जाणारी नावं बघत बसून राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. माझं नाव आलं आणि गेलं. मी म्हटलं, "चला, बाबा." रिक्षाने घरी आलो.

दारातच आईने विचारलं, "दिसली काय आपली होरी?"

मी चपला काढत होते. मला वाटलं, आता सांगून टाकावं.

"दिसली ना," बाबा म्हणाले. "अख्खी व्हती. वारा मागनं व्हता, कशी सरल चालली. पोरीनं रंग पन बेस काढलेला."

आई माझ्याकडे वळली. "खरा काय गो?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते सदऱ्याची बटणं काढत होते. मी म्हटलं, "हां, आई. लय बेस दिसली."